‘एस्कलेट’ : शिडीचे क्रियापद

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या ऑगस्टपर्यंत जिल्ह्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते. २९ ऑगस्ट २०२३ रोजी श्री. मनोज जरांगे पाटील यांनी मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी तेथे उपोषण आरंभिले. १ सप्टेंबर रोजी उपोषणस्थळी पोलिसांचा लाठीमार झाला आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत त्या लहानशा गावाचे नाव देशभर पोहोचले. अशा प्रसंगाचे वर्णन करताना मराठीत अनेक शब्दप्रयोग हाताशी असतात. आंदोलन तीव्र होते, पेटते, चिघळते, त्याचे लोण पसरते, त्याची व्याप्ती वाढते. इंग्रजीत या सर्वांच्या जागी बहुधा एकच क्रियापद येते : ‘एस्कलेट’.

वरच्या इयत्तांतील मुले, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि पेढीचा पत्रव्यवहार सांभाळणारी तरुण पिढी यांना हे क्रियापद वारंवार भेटते. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘वाढणे, वाढवणे’ असा मिळतो. तो अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्यावरच विसंबून एखादा विद्यार्थी निबंधात ‘वडिलांनी धंदा एस्कलेट केला’ असे लिहितो आणि गुण गमावतो. धंदा वाढतो, विस्तारतो. तो ‘एस्कलेट’ होत नाही. भाव, खर्च, वाद, तक्रार आणि युद्ध मात्र ‘एस्कलेट’ होतात. हा फरक कोठून येतो, हे समजण्यासाठी शब्दाच्या मुळाशी जावे लागते.

व्यापारी घरातील मुलाला ‘स्केल’ म्हटले की आधी तराजू आठवतो. तो ‘स्केल’ निराळा आहे. उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेत ‘वाडगा’ अशा अर्थाचा एक शब्द होता, त्यावरून तराजूच्या पारड्याला हे नाव मिळाले. दुसरा ‘स्केल’ लॅटिनमधील ‘स्काला’ या शब्दावरून आला. स्काला म्हणजे शिडी. तिच्या मागे ‘चढणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातील ‘स्कंद्’ म्हणजे उसळणे, झेप घेणे, या धातूशी जोडतात. नकाशाचे प्रमाण, पगाराची श्रेणी आणि ‘स्केल अप’ हे सारे शिडीच्या घराण्यातले शब्द आहेत. ‘एस्कलेट’ हेही त्याच घराण्यातले.

याच शिडीवरून युद्धशास्त्रात ‘एस्कलेड’ हा शब्द रूढ झाला. शिड्या लावून किल्ल्याच्या तटावर चढणे, असा त्याचा अर्थ. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे कोंढाण्याचा कडा चढून गेले, त्या पराक्रमाला इंग्रजीत हाच शब्द लागू पडतो. पुढे १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओटिस कंपनीने सरकता जिना मांडला. चार्ल्स सीबर्गर यांनी त्याला ‘एस्कलेटर’ हे नाव घडवले होते. ते नाव कंपनीचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह होते. लोकांनी मात्र प्रत्येक सरकत्या जिन्याला तेच म्हणायला सुरुवात केली आणि १९५० मध्ये अमेरिकेत त्या नावावरील कंपनीचा हक्क संपुष्टात आला. व्यापारचिन्ह जपणाऱ्या प्रत्येक पेढीने लक्षात ठेवावी अशी ही घटना आहे. नाव फार लोकप्रिय झाले, तर ते मालकाचे राहत नाही.

‘एस्कलेट’ हे क्रियापद या एस्कलेटरवरून मागाहून तयार झाले. आधी नाम आले, मग क्रियापद. आरंभी त्याचा अर्थ सरकत्या जिन्याने वर जाणे एवढाच होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्धाच्या आणि व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात, त्याला आजचा अर्थ चिकटला. लहान चकमकीतून मोठे युद्ध आणि मोठ्या युद्धातून अणुयुद्ध कसे उद्भवेल, याची चर्चा तेव्हा सतत होत असे. हर्मन कान या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ च्या आपल्या ग्रंथात या चढत्या क्रमाची ४४ पायऱ्यांची शिडी मांडली. तिची पहिली पायरी साध्या तणावाची आहे आणि शेवटची सर्वनाशाची.

या इतिहासातून शब्दाचा नेमका अर्थ हाती येतो. ‘एस्कलेट’ होणारी गोष्ट नुसती मोठी होत नाही, ती एका पायरीवरून वरच्या पायरीवर जाते. पायरी बदलली की साधने बदलतात, माणसे बदलतात आणि किंमतही बदलते. दोन दुकानदारांमधील बोलाचाली दहा दिवस चालली, तरी ती बोलाचालीच असते. त्यांपैकी एकाने वकिलाची नोटीस धाडली, की वाद ‘एस्कलेट’ झाला. काल दोन माणसे बोलत होती, आज दोन वकील बोलत आहेत.

याउलट, व्यवसायाच्या वाढीसाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. सहज वाढीला ‘ग्रो’, नव्या शाखा किंवा नव्या प्रदेशांत जाण्याला ‘एक्स्पांड’, उत्पादनाचा वेग थोड्या अवधीत चढवण्याला ‘रॅम्प अप’ म्हणतात. लहान प्रमाणावर सिद्ध झालेली गोष्ट तिचा कस न गमावता मोठ्या प्रमाणावर करणे, याला ‘स्केल अप’ म्हणतात. जालन्याच्या वाचकांना या शेवटच्या क्रियापदासाठी दूर जायला नको. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि त्यांच्या कार्यासाठी १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याच्या व्यवसायात पैदासकार बियाण्यापासून पायाभूत बियाणे आणि पायाभूत बियाण्यापासून प्रमाणित बियाणे तयार होते. मूठभर दाण्यांचे हजारो पोती होतात, पण वाणाची शुद्धता प्रत्येक टप्प्यावर तपासली जाते. ती ढासळली तर पोती कितीही भरली, तरी ‘स्केल अप’ झाले असे म्हणता येत नाही.

व्यापारी पत्रव्यवहारात ‘एस्कलेट’ मुख्यतः तीन ठिकाणी येते. पहिले ठिकाण भावाचे. बांधकामाच्या दीर्घ मुदतीच्या करारांत भाववाढीचे एक कलम असते. सळई, सिमेंट किंवा डिझेल यांचे दर वाढले, तर कंत्राटाची रक्कम कोणत्या सूत्राने वाढेल, हे त्यात लिहिलेले असते. त्याला ‘एस्कलेशन क्लॉज’ म्हणतात. हे कलम न वाचता सही करणारा पुढे पस्तावतो.

दुसरे ठिकाण तक्रारीचे. येथे शब्दाचा अर्थ ‘वरिष्ठांकडे नेणे’ असा आहे आणि त्यात कोणताही कडवटपणा नाही. बँकेच्या शाखेने दाद दिली नाही, तर तक्रार बँकेच्याच तक्रार निवारण विभागाकडे जाते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत, बँकेने ३० दिवसांत उत्तर न दिल्यास किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसल्यास, ग्राहकाला लोकपालाकडे जाण्याची सोय ठेवली गेली. थकलेल्या येण्याचीही अशीच शिडी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे किंवा सेवा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात. तसे न झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते आणि प्रकरण सुविधा परिषदेकडे नेता येते. तेथेही आधी समेटाचा प्रयत्न होतो, तो फसला तरच लवादाची पायरी येते.

तिसरे ठिकाण वादाचे आणि येथेच घराघरांत घोटाळा होतो. बाहेरून शिकून आलेला मुलगा किंवा सून पेढीवर म्हणते, ‘हा विषय एस्कलेट करू या.’ तिच्या मनात इतकेच असते की, समोरच्या कंपनीच्या वरिष्ठांना पत्र लिहावे. काकांना मात्र ऐकू येते, ‘भांडण वाढवू या.’ शब्द एक, पायऱ्या दोन निराळ्या शिड्यांच्या. यावर उपाय सोपा आहे. तक्रार ‘एस्कलेट’ करायची तर ती कोणाकडे, हे सांगावे लागते; इंग्रजीत त्यापुढे ‘टू’ येते. वाद ‘एस्कलेट’ झाला तर तो कशात रूपांतरित झाला, हे सांगावे लागते. तेथे ‘इंटू’ येते. व्यवस्थापकाकडे नेलेली तक्रार आणि खटल्यात रूपांतरित झालेला वाद यांतील अंतर त्या दोन छोट्या शब्दांत आहे.

या क्रियापदाची आणखी एक खोड आहे. ते सकर्मकही आहे आणि अकर्मकही, पण दोन्ही वेळा त्याचे रूप तेच राहते. ‘वाद एस्कलेट झाला’ आणि ‘त्याने वाद एस्कलेट केला’ या दोन्हींसाठी इंग्रजीत एकच शब्द पुरतो. मराठी येथे अधिक सावध आहे. मराठीत वाद ‘चिघळतो’ किंवा कोणीतरी तो ‘चिघळवतो’. एका अक्षराच्या फरकाने कर्ता पुढे येतो. ‘चिघळणे’ हा शब्द मुळात जखमेचा. ज्या जखमेला वेळीच औषध लागले नाही, ती चिघळते. तेव्हा अकर्मक रूप वापरले तरी औषध कोणी लावले नाही, हा प्रश्न मागे उरतोच. वाद आपोआप चढत नाही. प्रत्येक पायरीवर कोणाचा तरी पाय असतो.

अंतरवाली सराटीच्या घटनाक्रमाकडे केवळ या दृष्टीने, मागणीच्या योग्यायोग्यतेचा विचार बाजूला ठेवून, पाहण्यासारखे आहे. उपोषण ही एक पायरी होती. लाठीमारानंतर राज्यात ठिकठिकाणी बंद व जाळपोळ झाली आणि प्रकरण वरच्या पायरीवर गेले. ४ सप्टेंबर रोजी तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शासनाच्या वतीने लाठीमाराबद्दल क्षमा मागितली. कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १४ सप्टेंबर रोजी तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे गावात आले आणि उपोषण सुटले. श्वेतांबर पंथाचे पर्युषण पर्व तेव्हा चालू होते. त्या दोन आठवड्यांत प्रकरण जसे चढले, तसेच उतरलेही.

पण शासनाला दिलेली मुदत २४ ऑक्टोबरला संपली आणि २५ ऑक्टोबरला दुसरे उपोषण सुरू झाले. महिनाअखेरीस बीड जिल्ह्यात लोकप्रतिनिधींच्या घरांना आगी लागल्या. २ नोव्हेंबरला दोन निवृत्त न्यायमूर्ती शिष्टमंडळासोबत गावात आल्यावर ते उपोषण सुटले. २० जानेवारी २०२४ रोजी तेथून मुंबईच्या दिशेने पदयात्रा निघाली आणि २७ जानेवारीला नवी मुंबईत वाशी येथे, शासनाने अधिसूचनेचा मसुदा दिल्यावर, ती थांबली. हा सारा क्रम वाचताना दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. प्रत्येक चढाईच्या आधी एक मुदत किंवा एक आघात आहे. प्रत्येक उताराच्या आधी कोणीतरी स्वतः चालत समोरच्याकडे गेलेले आहे, किंवा कोणीतरी क्षमा मागितलेली आहे.

जैन वाचकाला ही शिडी अपरिचित नाही. कर्मशास्त्राने क्रोधाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत आणि त्यांना चार रेषांची उपमा दिली आहे. संज्वलन क्रोध पाण्यावरील रेषेसारखा, ओढताच पुसला जाणारा. प्रत्याख्यानावरण क्रोध वाळूवरील रेषेसारखा, वाऱ्याने बुजणारा. अप्रत्याख्यानावरण क्रोध जमिनीच्या भेगेसारखा, पाऊस आल्यावाचून न मिटणारा. अनंतानुबंधी क्रोध दगडातील चिरेसारखा. मान, माया आणि लोभ यांच्याही अशाच चार-चार पायऱ्या आहेत. रेष चारही ठिकाणी तीच असते. ती कशावर ओढली, यावर सारे ठरते.

या पायऱ्यांना मुदतीही आहेत. श्वेतांबर परंपरेत संज्वलनाची मर्यादा पंधरा दिवस, प्रत्याख्यानावरणाची चार महिने, अप्रत्याख्यानावरणाची एक वर्ष आणि अनंतानुबंधीची आयुष्यभर मानली जाते. दिगंबर ग्रंथांत मुदतींचा तपशील वेगळा आहे, पण चढता क्रम तोच आहे. आता प्रतिक्रमणाचे वेळापत्रक त्याशेजारी ठेवून पाहावे. दैवसिक आणि रात्रिक प्रतिक्रमण रोजचे, पाक्षिक पंधरा दिवसांचे, चातुर्मासिक चार महिन्यांचे आणि सांवत्सरिक वर्षाचे. प्रत्येक मुदत संपण्यापूर्वी शिडीवरून खाली उतरण्याची एक तारीख नेमून दिलेली आहे. पंधरवड्याचा राग पक्खीला सोडला नाही तर तो चातुर्मासापर्यंत जातो, तेथे सोडला नाही तर संवत्सरीपर्यंत. संवत्सरीलाही जो सोडवत नाही, तो दगडातील चीर होण्याच्या वाटेवर असतो. थकलेल्या हुंडीवर व्याज कसे चढते, हे जाणणाऱ्या समाजाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

‘एस्कलेट’चा विरुद्धार्थी शब्द ‘डी-एस्कलेट’. त्यासाठी मराठीत ‘निवळणे’ हा फार सुंदर शब्द आहे. वातावरण निवळते, गढूळ पाणी निवळते. पाणी स्वच्छ करण्यासाठी पूर्वी घरोघरी ज्या बिया वापरत, त्यांचे नावच निवळी. संस्कृतात तिला कतक म्हणतात. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी गोम्मटसारात अकराव्या गुणस्थानाचे, म्हणजे उपशांत कषायाचे, वर्णन करताना याच कतक फळाची उपमा योजली आहे. निवळीने गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी आरशासारखे दिसते. मात्र गाळ भांड्यातच असतो. भांडे हलले की पाणी पुन्हा गढूळ होते. म्हणूनच उपशम श्रेणीने अकराव्या गुणस्थानी पोहोचलेला जीव तेथून खाली येतो. बाराव्या, क्षीणकषाय गुणस्थानाला आचार्यांनी स्फटिकाच्या भांड्यातील निर्मळ पाण्याची उपमा दिली आहे. तेथे गाळ उरलेलाच नाही आणि म्हणून खाली येणेही नाही.

गुणस्थानांची ही गोष्ट मोक्षमार्गाची आहे, तरी गृहस्थाला आपल्या व्यवहारात तिचा उपयोग करता येतो. भावाभावांतील वाटणी, भागीदारांमधील उचल, गोदामाची किल्ली, दुकानाच्या पाटीवरील नाव अशा कारणांवरून जेव्हा घरात तणाव उभा राहतो, तेव्हा बहुतेक ठिकाणी निवळी टाकली जाते. सणासाठी, लग्नासाठी, आईच्या आजारपणासाठी सगळे गप्प होतात. पाणी स्वच्छ दिसते. हिशेबाची वही मात्र उघडलेली नसते आणि दुखावलेल्या शब्दाबद्दल कोणी काही बोललेले नसते. पुढे एखादा लहानसा धक्का बसतो आणि दहा वर्षांपूर्वीचा गाळ वर येतो. मग बोलणी वकिलांमार्फत होतात, एका पेढीच्या दोन पेढ्या होतात आणि त्याहून वाईट म्हणजे चुलत भावंडे एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तेव्हा सगळे म्हणतात, ‘वाद चिघळला.’ तो कोणी चिघळवला आणि औषध कोणी लावले नाही, हे विचारायला उशीर झालेला असतो.

वाद अंगावर आल्यावर तीन प्रश्न विचारण्याची सवय घरात लावता येते. आपण आज शिडीच्या कोणत्या पायरीवर आहोत? वरची पायरी चढल्यास कोण आत येईल आणि काय किंमत पडेल? खालची पायरी कोणती आणि तिथे जाण्यासाठी आपल्यापैकी कोणी उठून समोरच्याच्या दारी जायचे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वकील आणि सनदी लेखापाल देऊ शकतात. तिसऱ्याचे उत्तर घरातल्याच कोणालातरी द्यावे लागते. हक्काच्या येण्यासाठी सुविधा परिषदेकडे जाणे किंवा लोकपालाकडे दाद मागणे यात कषाय असलाच पाहिजे असे नाही. कायद्याची पायरी शांत मनानेही चढता येते. फक्त मन आपल्या शिडीवर कोठे उभे आहे, हे त्या वेळी वेगळे तपासावे लागते.

येत्या पक्खीच्या प्रतिक्रमणाआधी घरातील मोठ्यांनी मुलांना हे क्रियापद शिकवावे. शिडीचे चित्र काढून शिकवावे, चार रेषांची उपमा सांगावी आणि ‘टू’ व ‘इंटू’ यांची दोन-दोन वाक्ये लिहून घ्यावीत. इंग्रजीचा एक अवघड शब्द पक्का होईल. त्याच संध्याकाळी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणताना, ते ज्या नात्यात बरेच दिवस म्हणायचे राहून गेले आहे, तेथे फोन उचलून म्हटले, तर तो शब्द त्याच्या विरुद्धार्थी शब्दासह समजला असे होईल.